गाडी टेकल्यावर आवळायचं

८ जानेवारी, मंगळवार

गाडीचे रबरी बुश दाबायची पोलादी वाटी आज धुण्याच्या मशिनमध्ये सापडली. तिच्यासाठी सगळं गॅरेज पालथं घातलं होतं. कपडे काढायला हात घातला तर यांच्या कामाच्या पँटच्या पायात अडकून बसलेली. मी ती आणून यांच्यासमोर ठेवली.

"कपडे मशिनमध्ये कोण टाकतं?" यांनी विचारलं.

"मी."

"मग मला काय दाखवतेस?"

ती वाटी तिथं ठेवल्याचं मला आठवत नाही, आणि भीती नेमकी त्याचीच आहे. आईचं असंच सुरू झालं होतं. आधी वस्तू, मग रस्ते, मग माणसं. शेवटी शेवटी ती मला शेजारीण समजायची आणि मोठ्या अगत्यानं म्हणायची, "बसा ना, माझी बुनही येईलच इतक्यात." मी, तिची बुन, समोरच बसलेली असायचे. तेव्हा तिचं वय माझ्या आत्ताच्या वयाहून फार नव्हतं.

म्हणून आजपासून लिहायचं ठरवलं. डोकं जागेवर आहे की नाही, ते लिहिताना तरी कळेल.

१४ जानेवारी, सोमवार

आमच्या थेबेकच्या रस्त्यांवर यंदा बर्फ वितळवायला मीठ फार टाकलंय. गाडी वर उचलली की खालून गंजाचे पापुद्रे गळतात. आज एका जुन्या गाडीचे पुढचे दोन्ही लोअर आर्म काढले. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारे हे दोन हात. त्यांच्या सांध्यात रबराचे बुश असतात. रबर फाटलं की गाडी प्रत्येक खड्ड्याला ठक्क करते. फार दिवस तसंच चालवलं तर चाक आपल्या मनानं वागायला लागतं.

काम आमचं वाटलेलं आहे. हे बोल्ट काढतात, आर्म उतरवतात. बुश दाबून काढणं आणि नवे बसवणं माझं. यांचा खांदा दुखावल्यापासून प्रेसचा दांडा मीच ओढते. सुरुवातीला गिऱ्हाइकं हसायची. आता "वहिनीच बसवणार ना?" असं विचारून गाडी ठेवतात.

आजचा बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजून एकजीव झाला होता. तेल मारलं, तापवलं, ठोकलं. हलेना. शेवटी कापायचं ठरलं. हे कटर हातात घेऊन उभे राहिले आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. मी म्हटलं, "काय झालं?"

"कुठला कापायचा म्हणालीस?"

समोर एकच होता. मी बोट दाखवलं आणि यांनी कापला, अगदी सफाईनं. दमले असतील. थंडी हाडात शिरतेय.

संध्याकाळी गाडी चालवून बघायला खालच्या पुलापर्यंत गेले ते अंधार पडल्यावर आले. कुणीतरी भेटलं म्हणाले. मी विचारलं, कोण? तर चिडले.

१७ जानेवारी, गुरुवार

किटली जळली. गॅरेजमधल्या शेगडीवर पाणी आटून तळ लाल झाला होता. मी आत प्रेसवर होते. वास आला तो रबराचाच वाटला.

"गॅस चालू ठेवून विसरलीस," हे म्हणाले. ओरडून नाही, हळूच. दुपारी मी चहा पीत नाही. जवाचा चहा यांना लागतो. पण यांनी इतक्या खात्रीनं सांगितलं, आणि माझी खात्री कशाचीच नाही.

हेरिनचा फोन आला. लेक वॉन्जूला असते, शाळेत शिकवते. म्हणाली, "आई, बाबांना काय झालंय? सकाळी फोन करून सोल्लालच्या सणाला कधी येणार विचारलं. दुपारी परत केला, परत तेच."

म्हणजे हे माझ्यामुळे घाबरलेत. लेकीला सांगावं की नाही, या घोळात पुन्हा पुन्हा फोन करतायत बिचारे. मी तिला काही बोलले नाही. म्हटलं, तुझी आठवण येते त्यांना.

२३ जानेवारी, बुधवार

आज आरोग्य केंद्रात जाऊन स्मरणशक्तीची तपासणी करून आले. एकटीच जाणार होते. हे म्हणाले मीही येतो. बाहेर बसा म्हटलं तर ऐकेनात, शेजारी खुर्ची ओढून बसले.

नर्स यून नावाची, चाळिशीतली, मायाळू बाई. तिनं तीन शब्द सांगितले आणि लक्षात ठेवा म्हणाली. मग तारीख विचारली, वार विचारला, ऋतू विचारला. मी उत्तर देण्याआधीच हे पुटपुटले, "शरद संपत आला." खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ. मला हसू आलं. एवढ्या ताणात मला हसवायला बघत होते.

यूनबाई हसली नाही. तिनं मला घड्याळ काढायला सांगितलं. मी काढलं. हे वाकून बघत होते, इतकं निरखून की जणू परीक्षा त्यांचीच आहे. शेवटी तीन शब्द विचारले, तिन्ही आले.

"तुमचं छान आहे," ती म्हणाली. "वयाच्या मानानं खूपच छान." मग यांच्याकडे वळून म्हणाली, "काका, आलाच आहात तर तुम्हीही करून घ्या ना. पाचच मिनिटं लागतात."

चांगली बाई. कुणाला रिकामं पाठवायचं नाही असा तिचा स्वभाव दिसतो. पण हे ताडकन उठले. "मला काय धाड भरलीय?" म्हणाले आणि बाहेर गेले. मलाच ओशाळल्यासारखं झालं. यूनबाईनं तिचं कार्ड माझ्या हातात ठेवलं आणि हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

परत येताना यांनी गाडी वरच्या रस्त्याला वळवली. खाणीजवळच्या चाळीकडे. लग्नानंतर आम्ही तिथं राहायचो. हे खाणीत होते तेव्हा. चाळ कधीच पाडली, आता तिथं वाहनतळ आहे. "इकडे कुठं?" मी विचारलं. यांनी गाडी थांबवली, काचेतून बघत राहिले. "सवयीनं आलो," म्हणाले.

सवयच ती. इतक्या वर्षांनी कशी उसळून आली कोण जाणे.

२९ जानेवारी, मंगळवार

तपासणी चांगली आली तरी जिवाला थारा नाही. आईलाही चांगले दिवस असायचे. त्या दिवशी डॉक्टर आला की सगळं फडाफडा सांगायची.

आज एका छोट्या ट्रकचं काम होतं. हत्यारांच्या खणात पाने उलटसुलट. मोठ्यांच्या जागी छोटे, छोट्यांच्या जागी काहीच नाही. मी लावत बसले. हे दारात उभे राहून बघत होते. "अगं, तूच काल असं लावलंस. आणि मी काही बोललोही नाही."

मी मान डोलावली. मग प्रेसमागे जाऊन तोंडावर गार पाणी मारलं. आपल्याच हातांची भीती वाटायला लागली की काय करायचं? हे हात आणि हा प्रेस, एवढंच तर मला येतं.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मेंगची व्हॅन आली. डोंगरावरच्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्यांना तो डायलिसिससाठी इथल्या इस्पितळात आणतो आणि परत नेतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार. खिंडीतून येणंजाणं. व्हॅन जुनी, पण त्यानं जिवापाड सांभाळलेली.

"वहिनी, डावीकडून ठकठक येतेय. माझ्या आज्या म्हणतात, व्हॅनला गुडघेदुखी झालीय."

आर्म काढला. पुढच्या बुशचं रबर निम्मं फाटलेलं. पोरांनी चावलेल्या पेन्सिलीसारखं दिसत होतं. जुना बुश सहज निघेना. नळीला करवतीनं चीर दिली, मग प्रेसनं दाबला तसा कडाड् करून सुटला. नवा सरळ बसवला. मनासारखं काम झालं. प्रेसचा दांडा ओढताना मी कशालाच घाबरत नाही, हे आज लक्षात आलं.

आर्म यांनी लावला. गाडी वर असताना बोल्ट नुसते हातानं घालायचे असतात. गाडी चाकांवर टेकली, तिचं वजन आलं, की मग पूर्ण आवळायचं. आधीच आवळलं तर रबर पिळलेलं राहतं आणि वर्षभरात पुन्हा फाटतं. ही पद्धत मला यांनीच शिकवली. मी आवळायला पाना उचलला, तर हे म्हणाले, "राहू दे, मी बघतो. तू भाताचं बघ."

मी आत गेले. बाहेर आले तेव्हा मेंग पोहोचला होता आणि हे त्याला किल्ली देत होते. उद्या शनिवार, त्याला पहाटे निघायचं होतं. जाताना मला आंबवलेल्या कोबीच्या किमचीचे दोन मोठे डबे देऊन गेला, किमची त्याच्या बायकोनं केलेली.

५ फेब्रुवारी, मंगळवार. सोल्लाल, नवं वर्ष

आजचं आजच लिहिते.

सकाळी पूर्वजांची पूजा झाली. हेरिन काल रात्रीच आली होती. यांनी पेला भरला, नमस्कार केला, पुन्हा तोच पेला भरला. ताटावर सांडलं. मी पुसून घेतलं. हेरिन पुसण्याकडे बघत नव्हती, यांच्या तोंडाकडे बघत होती. नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, "आई, कधीपासून चाललंय हे?"

मला वाटलं हिला माझं कळलं. मी म्हटलं, "थंडी सुरू झाल्यापासून. पण तपासणी करून आलेय मी. चांगली आलीय."

"तू?" ती म्हणाली. "तू कशाला?"

तेवढ्यात यांनी सूप मागितलं आणि बोलणं तिथंच राहिलं.

दुपारी शेगडीसाठी कोळशाच्या विटा आणायला गॅरेजमध्ये गेले. टॉर्क पाना भिंतीवर टांगलेला. हा पाना हव्या त्या जोराच्या आकड्यावर लावायचा, तेवढं आवळलं की टक् वाजतो. सहज आकडा बघितला. मागच्या मंगळवारच्या छोट्या ट्रकचा होता. व्हॅनला त्याच्या दुप्पट लागतो. ट्रकनंतर आमच्याकडे व्हॅनशिवाय दुसरी गाडी आलीच नाही.

म्हणजे शुक्रवारी या पान्यानं कुणी काही आवळलंच नव्हतं.

विटा तिथंच ठेवल्या. घरात जाऊन यांना विचारलं. शांतपणे विचारलं. "मेंगच्या व्हॅनचे बोल्ट तुम्ही आवळलेत ना?"

"तू म्हणालीस ना, मी आवळते."

"मी भात बघायला गेले होते."

"हेरिनची आई," हे म्हणाले, "तू पाना हातात घेतलास. मी पाहिलं."

घेतला होता. तेवढं खरं होतं. बाकीचं मला जसं आठवतंय तसं खरं आहे का, मला सांगता येईना. आईसुद्धा सांगायची, मी औषध घेतलंय, मी पाहिलंय स्वतःला घेताना.

मेंगला फोन लावला. उचलेना. चालवताना तो फोन घेत नाही. आज मंगळवार. सण असला तरी रक्त धुवायचं चुकत नाही. इस्पितळात फोन केला तर व्हॅन नुकतीच निघाली म्हणाले. आता खिंडीचा चढ, आणि माथ्यावरून पलीकडे नुसता उतार, वळणावर वळण.

हेरिननं एक प्रश्न न विचारता गाडी काढली. मी पाने घेतले. हे पुढच्या सीटवर येऊन बसले, पूजेचे कपडे अंगावर तसेच.

बर्फ पडत होता. रस्त्याच्या कडेला काही काळं दिसलं की माझे डोळे आपोआप मिटायचे. कठड्यापलीकडे बघायचं धाडस होत नव्हतं. मनात एकच चित्र होतं, चाक आडवं झालेलं. हेरिन मधेच म्हणाली, "आई, श्वास घे." मी घेत नव्हते बहुतेक.

माथ्यावर, उतार सुरू व्हायच्या आधी, व्हॅन उभी होती.

एका आजीला मळमळत होतं म्हणून मेंगनं थांबवली होती. ती दाराशी पाय सोडून बसली होती, अंगात सणाचं गुलाबी जाकीट. आत आणखी तिघं. एक आजोबा काच खाली करून म्हणाले, "पाया पडायला आलात होय? आशीर्वाद देतो, पण सणाच्या पैशांची पाकिटं नाहीत जवळ."

मी मेंगला म्हटलं, "इंजिन बंद कर. मला खाली जाऊ दे."

"वहिनी, झालं काय?"

"मला खाली जाऊ दे."

पोतं टाकून आत सरकले. पुढच्या बोल्टचा नट शेवटच्या दोन आट्यांवर लोंबत होता. बोल्ट बोटभर बाहेर आलेला. मी हात लावला तर हलला, सैल दातासारखा. उताराच्या पहिल्या दोन वळणांत गेला असता.

बाहेर मेंग वाकून बघत होता. त्याला सांगायची गरज पडली नाही. "चार माणसं आहेत माझ्या गाडीत," तो म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "मी आवळायचं विसरले."

नट फिरवायला कुणीतरी पलीकडून बोल्टचं डोकं धरायला हवं होतं. मी हाक मारण्याआधीच हे पूजेच्या कपड्यांनिशी बर्फात आडवे झाले आणि माझ्या शेजारी सरकले. हातानंच पाना चाचपून घेतला, अंदाजानं डोक्यावर बसवला, बरोब्बर. मी नट चढवला. दोघं मिळून आवळत गेलो. टक् वाजला. मागचे बोल्टही तपासले, त्यातला एक सैलच होता. तोही घेतला.

मग हे तिथंच पडून राहिले. तोंड माझ्या तोंडाजवळ, दाढीवर बर्फ.

"मीच ना?" हे म्हणाले.

मी यांच्या दाढीवरचा बर्फ पुसला.

"तू पाना घेतलास ते मला दिसतं डोळ्यासमोर. पुढचं काही दिसत नाही. किटलीचंही तसंच. मला काही दिसलं नाही की मी म्हणतो, तू केलंस." थोडं थांबून म्हणाले, "त्या दिवशी पुलावरून घरचा रस्ता सापडत नव्हता मला. कुणी भेटलं नव्हतं."

वर व्हॅनमध्ये आजोबा मेंगला विचारत होते, ही दोघं खाली झोपली की काय.

जानेवारीपासून मी एका भुताला भीत होते. ते माझ्या अंगात नव्हतं, माझ्या शेजारी झोपत होतं, आणि मला जवाचा चहा मागत होतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. खाली त्या बर्फात मला इतकी थंडी वाजली की दातावर दात आपटायला लागले, आणि यांनी माझा हात धरला, तरी थांबेना.

१३ फेब्रुवारी, बुधवार

काल यूनबाईकडे जाऊन आलो. आज मोठ्या डॉक्टरांकडे. त्या सगळ्याबद्दल आज लिहीत नाही.

मेंग दुपारी आला. मला वाटलं भांडायला. खरं तर आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं. मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. खिंडीत मी माझी चूक म्हणाले ते खरं नव्हतं, खरं काय ते असं असं आहे. हे शेजारीच बसले होते. मान खाली घालून ऐकत होते, दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तसे.

मेंगनं खुर्ची यांच्याजवळ ओढली. मग यांना म्हणाला, "दादा, माझी पहिली गाडी तुम्ही उघडून शिकवली होती मला. आठवतं?"

"निळी होती," हे लगेच म्हणाले. "सायलेन्सर फुटका."

मेंगनं तोंड फिरवलं. थोड्या वेळानं माझ्याकडे बघून विचारलं, "उजवी बाजूही ठकठकायला लागलीय. कोण करणार?"

"मी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटी."

"आणि दादा?"

"ते उजेड धरतील."

"गाडी द्यायच्या आधी मला बोलवा," तो म्हणाला. "आवळताना मी समोर उभा राहीन. वाईट वाटून घेऊ नका." उद्याच्या फेरीला दुसरी गाडी घेतो म्हणाला आणि व्हॅन ठेवून चालत गेला.

वाईट वाटलं. पण त्याच्या जागी मी असते तर गाडी ठेवलीच नसती.

संध्याकाळी जेवणाआधी यांनी गॅरेजला कुलूप लावलं. नेहमी किल्ली यांच्याच पट्ट्याला असते. ती सोडवून माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली.

"तुझ्याकडे ठेव. आत मेंगची गाडी आहे. मला वाटेल की काम अर्धं राहिलंय, आणि मी जाऊन काहीतरी काढून ठेवीन. मी मागितली तरी देऊ नकोस."

"बरं."

"मी चिडेन."

"चिडा."

"नाही, ऐक. वाईट चिडेन. तरी देऊ नकोस."

कुट्टूची धिरडी केली होती. दोन खाल्ली, चांगली झालीत म्हणाले. मी भांडी घासत होते तेव्हा मागे येऊन उभे राहिले. कमरेला पट्टा चाचपत होते.

"गॅरेजची किल्ली कुठं टाकलीस तू?"

मी नळ बंद केला नाही. पाठीमागे त्यांचा श्वास मोठा व्हायला लागला होता. किल्ली माझ्या ॲप्रनच्या खिशात होती, मांडीला टोचत होती.

"सांग ना. काम राहिलंय आत."

मी दिली नाही.